ग्रीक पुराणकथा मुलांना सांगताना काय ठेवायचं, काय गाळायचं?

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी.

आमच्या सोसायटीच्या वाचनालयात दर शनिवारी संध्याकाळी मी मुलांना गोष्टी सांगते. आठ ते बारा वयाची चौदा-पंधरा मुलं असतात. पंचतंत्र झालं, बिरबल झाला, आणि जूनपासून मुलांच्याच आग्रहाखातर ग्रीक पुराणकथा घेतल्या.

तिसऱ्या शनिवारी पर्सेफोनीची गोष्ट होती. माझ्याकडच्या एका इंग्रजी चित्रपुस्तकावरून सांगत होते. त्यात पाताळाचा राजा हेडीस एकटा असतो, त्याला पर्सेफोनी आवडते, तो तिला रथातून घेऊन जातो आणि तिलाही हळूहळू तिथे करमायला लागतं. वर तिची आई डिमीटर रडत बसते, म्हणून हिवाळा येतो. गोष्ट संपली. एरवी फारसं न बोलणारी नऊ वर्षांची एक मुलगी म्हणाली, "मग ती आईला सांगून का नाही गेली?"

काहीतरी बोलून मी वेळ मारून नेली. पण रात्रभर ते डोक्यातून जाईना. कारण मला माहीत होतं की तिला सांगायची संधीच मिळाली नव्हती. तिला उचलून नेलं होतं, ती ओरडत होती, आणि हे सगळं तिच्या बापाच्या, देवांचा राजा झ्यूसच्या, संमतीने झालं होतं. त्या मुलीला मी चक्क खोटं सांगितलं होतं.

मग डिमीटरच्या होमरिक स्तोत्राचं, म्हणजे ही कथा सांगणाऱ्या प्राचीन ग्रीक काव्याचं, भाषांतर काढून बसले. पुढच्या शनिवारी "मागच्या वेळी मी गोष्ट चुकीची सांगितली" अशी सुरुवात करून पुन्हा सांगितली. पर्सेफोनी फुलं वेचत होती. नार्सिससचं एक फूल दिसलं, एका मुळातून शंभर तुरे. ते तोडायला हात पुढे केला आणि जमीन फाटली. तिचा आवाज डोंगरात घुमला. डिमीटरने डोक्यावरचं वस्त्र फाडलं आणि दोन्ही हातांत मशाली घेऊन नऊ दिवस शोधत फिरली. खाल्लं नाही, प्यायली नाही, अंगाला पाणी लावलं नाही. शेवटी म्हातारीचं रूप घेऊन एल्युसिस गावाच्या विहिरीपाशी बसली. तिथे राजाच्या चार मुली काशाच्या घागरी घेऊन पाण्याला आल्या आणि त्यांनी विचारलं, "आजी, तुम्ही कुठल्या?"

मुलं इतकी गप्प मी कधी पाहिली नव्हती.

माझं मत असं झालंय की वय पाहून एखादी गोष्ट गाळायला हरकत नाही, पण जे झालं त्याच्या उलट सांगायचं नाही. पळवून नेलं असेल तर "प्रेमात पडली" म्हणायचं नाही. पण मग झ्यूसच्या निम्म्या गोष्टींचं काय करायचं? हेराक्लीसचं काय? तुम्ही घरी, शाळेत कसं करता?

शेवग्याची_शेंग

वाचतेय. दुसऱ्यांदा ऐकल्यावर ती मुलगी काय म्हणाली?

पाटीपेन्सिल

शेंगताई, तिने विचारलं, "सूर्याने सगळं बघितलं होतं, तर तो आधीच का नाही बोलला?" याचं उत्तर अजून दिलेलं नाही. शोधतेय.

जुनीवही

छान विषय. तीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

मुलांसाठी या कथा धुऊन-पुसून सांगायची पद्धत जुनी आहे. नॅथॅनिएल हॉथॉर्न या अमेरिकन लेखकाने १८५१ मध्ये मुलांसाठी ग्रीक कथा पुन्हा लिहिल्या. मिडास राजाच्या हाताने त्याची मुलगी सोन्याची होते, ही आपल्या सगळ्यांना पाठ असलेली घटना तिथली आहे. ओविडच्या लॅटिन काव्यात मिडासला मुलगीच नाही. तिथे भाकरी सोन्याची होते, घशाखाली जाणारी वारुणी सोन्याची होते आणि भुकेने व्याकूळ झालेला राजा देवाची क्षमा मागतो. हॉथॉर्नने मुलगी आणली, तिचं नाव मेरीगोल्ड ठेवलं, म्हणजे आपला झेंडू. मला ही भर मनापासून आवडते. लोभाने माणूस काय गमावतो हे मुलाला भाकरीपेक्षा मुलीवरून लवकर कळतं.

त्याच पुस्तकात त्याने पंडोराला (ग्रीक कथेतली पहिली स्त्री, जिने झाकण उघडलं आणि सगळी दुःखं जगात पसरली, आत फक्त आशा राहिली) मात्र एक खोडकर पोरगी करून टाकलंय. मुलांचंच जग, त्यात एक पेटी, आणि ती उघडायची हिची हौस. तिथे कथेचा कणाच गेला.

म्हणजे बदल करावा की नाही हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटत नाही. बदलाने कथा खोल झाली की उथळ, एवढं बघावं. पाटीपेन्सिल यांच्या चित्रपुस्तकाने ती उथळ केली होती.

गावठाण

सगळ्यांचा आदर राखून वेगळं मत मांडतो. मुळात ग्रीक कथाच का?

१९६७ सालची अनंत पै यांची गोष्ट आठवा. दिल्लीत दूरदर्शनच्या प्रश्नमंजूषेत मुलांना ग्रीक दैवतांवरचा प्रश्न सहज आला आणि रामाच्या आईचं नाव विचारल्यावर ती अडली. त्यातूनच अमर चित्र कथा सुरू झाली. आज पन्नासाहून जास्त वर्षांनी आम्ही पुन्हा तिथेच. माझ्या पुतण्याला ऑलिम्पसचे बारा देव पाठ आहेत. त्याला म्हटलं, म्हाळसा कोण, बाणाई कोण? काही पत्ता नाही. आपली तहान भागलेली नसताना दुसऱ्याच्या विहिरीवर कशाला जायचं?

पाटीपेन्सिल

गावठाण, तुमची कळकळ समजते. खंडोबा-बाणाईची गोष्ट मी गेल्या वर्षी चंपाषष्ठीला सांगितली, भंडारा उधळून. एकीमुळे दुसरी मागे पडते असं मला तरी दिसलं नाही.

तळ्यातमळ्यात

गावठाण, उलट अनुभव सांगतो.

माझ्या मुलीला (वय दहा) ट्रॉयच्या युद्धातला वीर अकिलीस, त्याच्या आईची, थेटिसची गोष्ट सांगत होतो. ही समुद्रातली देवी, नवरा मर्त्य राजा. बाळ अमर व्हावं म्हणून ती रोज रात्री त्याला निखाऱ्यांवर धरते. एका रात्री नवरा बघतो, घाबरून ओरडतो. ती बाळ खाली टाकते आणि वाऱ्यासारखी निघून जाते, परत कधी येत नाही. मी इथवर आलो आणि पोरगी ताडकन उठून बसली, "बाबा, ही तर गंगा!"

शंतनूने सातदा गप्प राहून आठव्यांदा तोंड उघडलं आणि गंगा गेली, हे तिला आजीने सांगितलेलं होतं. मग आम्ही दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून तासभर बोललो. पाण्यातल्या बायका मुलांना असं का करतात, माणूस नवरा मध्ये बोलला की का जातात. महाभारताची अशी चर्चा तिच्याशी त्याआधी कधीच झाली नव्हती. डानाईला बाळासकट पेटीत घालून समुद्रात सोडतात तेव्हा कर्ण आठवतो, झ्यूसचा बाप क्रोनस आपली मुलं गिळतो तेव्हा कंस. शेजारच्या विहिरीचं पाणी चाखलं की घरच्या पाण्याची चव कळते.

शेवग्याची_शेंग

+१. क्रोनसला बाळाऐवजी दुपट्यात गुंडाळलेला दगड देतात आणि तो न बघता गिळतो, तेव्हा आमच्याकडे हसून हसून पुरेवाट. "इतका मोठा देव आणि त्याला दगड कळला नाही?"

जुनीवही

तळ्यातमळ्यात यांनी अकिलीसचा विषय काढलाय म्हणून. अकिलीसची फक्त टाच दुबळी होती आणि तिथेच तो मारला गेला, ही टाचेची गोष्ट होमरमध्ये नाही. आईने टाच धरून स्टिक्स नदीत बुडवलं हे इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या स्टेशियस या रोमन कवीकडून आलंय. होमरच्या इलियडमध्ये अकिलीसचा मृत्यू येतच नाही, ट्रॉयचा वीर हेक्टर याच्या अंत्यविधीवर काव्य संपतं. ट्रॉयचा लाकडी घोडासुद्धा इलियडमध्ये नाही.

आणि गंमत बघा, दुर्योधनाचं शरीर गांधारीच्या नजरेने वज्राचं झालं, फक्त मांडी राहिली, ही कथा महाभारताच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत नाही. तरी गावोगावच्या कीर्तनात ती आहेच. दोन्हीकडे लोकांना एकच प्रश्न पडला, इतका बलाढ्य वीर पडला कसा? आणि दोन्हीकडे आईचा हात जिथे पोचला नाही ती जागा सापडली.

उंबरठा

मी मुलांची समुपदेशक आहे, त्यामुळे वयाबद्दल.

मुलं रक्ताला, राक्षसाला फारशी घाबरत नाहीत. एकडोळा राक्षस पॉलिफेमस माणसं खातो हे सात वर्षांची मुलं डोळे विस्फारून, मजेत ऐकतात. ती घाबरतात घरातलं माणूस घात करतं तेव्हा. हेराक्लीस वेडाच्या भरात स्वतःच्या मुलांना मारतो, ही गोष्ट मी अकरा-बाराच्या आधी सांगत नाही. मात्र बारा कामगिऱ्या "तो शूर होता म्हणून" केल्या असंही सांगत नाही. "त्याच्या हातून फार मोठी चूक घडली होती, तिचं प्रायश्चित्त" एवढं म्हणते. पुढे कळेल तेव्हा मुलाला फसवल्यासारखं वाटू नये.

माझा मुलगा सात वर्षांचा असताना ऑडिसी, म्हणजे युद्धानंतर ऑडिसियस राजा घरी परततो ती कथा, सांगितली. राक्षस, वादळं, चेटकीण, सगळं हसतखेळत पार पडलं. शेवटी ऑडिसियस भिकाऱ्याच्या वेषात घरी येतो. दारात शेणाच्या ढिगावर त्याचा म्हातारा कुत्रा आर्गोस पडलेला असतो, अंगावर गोचिडी. वीस वर्षांनी तो धन्याला ओळखतो. उठता येत नाही, नुसती शेपटी हलवतो, कान पाडतो. ऑडिसियसला ओळख दाखवता येत नाही, तो गुपचूप डोळे पुसतो आणि आत जातो. कुत्रा मरतो. पोरगा त्या रात्री उशीत तोंड घालून रडला आणि दुसऱ्या रात्री म्हणाला, "कुत्र्याची परत सांग."

एक तक्रार मात्र आहे. मेणाने जोडलेल्या पंखांनी सूर्याजवळ उडून समुद्रात पडलेल्या इकॅरसची गोष्ट "मोठ्यांचं ऐकलं नाही की असं होतं" म्हणून सांगणं कृपया थांबवा. ओविडमध्ये बाप पंख बनवत असताना हा पोरगा शेजारी उभा राहून उडणारी पिसं पकडतो, पिवळ्या मेणात अंगठा दाबून बघतो, बापाच्या कामात लुडबुड करतो. पंख बांधताना बापाचे, डेडलसचे, हात थरथरतात, गालावरून पाणी ओघळतं. फार उंच जाऊ नकोस एवढंच तो सांगत नाही. फार खालीही जाऊ नकोस, लाटांनी पिसं भिजतील, हेही सांगतो. आणि शेवटी पाण्यावर पिसं तरंगताना दिसतात तेव्हा तो स्वतःच्याच कलेला शाप देतो. एका कारागीर बापाची ही गोष्ट आहे. मुलाला धाक घालायला ती वापरली की सगळं हातातून जातं.

कोकणवारा

उंबरठाताई, मेणात अंगठा दाबणारा इकॅरस! आमच्याकडे मोदकाच्या उकडीत अंगठा दाबणारे दोन आहेत. आता ओरडणार नाही त्यांना.

खडीसाखर

मला एक अडचण आहे. पॉलिफेमसच्या गुहेतली नावाची युक्ती मराठीत कशी आणायची? ऑडिसियस आपलं नाव 'कोणी नाही' असं सांगतो, मग डोळा फुटल्यावर राक्षस ओरडतो आणि शेजारी निघून जातात. मी "माझं नाव कोणीनाही" असं केलं, पण ते शेवटी नीट बसत नाही. "मला कोणीनाहीने मारलं" म्हटलं की 'ने'मुळे घोळ होतो.

जुनीवही

प्रत्यय टाळा. राक्षसाला वर्तमानकाळात ओरडू द्या. "कोणीनाही मला मारतोय!" शेजाऱ्यांनी बाहेरून ऐकलं, "कोणी नाही मला मारत."

तळ्यातमळ्यात

पण 'मारतोय' आणि 'मारत' यात फरक पडतोच. शेजाऱ्यांनाच विचारू द्या ना. "कोण आहे रे आत?" "कोणीनाही!" "कोण छळतंय?" "कोणीनाही!" "मग बोंबलतोस कशाला, झोप की!"

खडीसाखर

वा! हेच पाहिजे होतं. आजच करून बघते.

(नंतर) केलं. खोली डोक्यावर घेतली पोरांनी. आणि आता घरात दूध कोणी सांडलं, पंखा कोणी चालू ठेवला, सगळ्याला एकच उत्तर: "कोणीनाही!" तळ्यातमळ्यात, जबाबदारी तुमची.

भरतीओहोटी

मी जहाजावर असतो, रत्नागिरीचा. सिसिली आणि इटलीच्या मधली मेसिनाची सामुद्रधुनी बऱ्याचदा पार केलीय. अरुंद जागी जेमतेम तीन किलोमीटर. ऑडिसीत एका बाजूला सिला राक्षसीण, दुसऱ्या बाजूला कॅरिब्डिसचा भोवरा, तो हाच भाग अशी समजूत फार जुनी आहे. इटलीच्या किनाऱ्यावर शिला नावाचं गाव आजही आहे. प्रवाह उलटसुलट होतात, पाण्यावर गोल गोल चकत्या फिरताना दिसतात. मोठ्या जहाजाला काही वाटत नाही, पण वल्ह्याच्या होडीत बसलेल्या माणसाला काय वाटत असेल ते तिथे उभं राहिलं की कळतं. मुलीला फोनवर नेहमी सांगतो, आज सिलाच्या दारातून आलो.

विदिशा_ते_वाई

नावं कशी लिहिता सगळे? झ्यूस, झेउस, झीयस? हर्क्युलिस की हेराक्लीस?

जुनीवही

हर्क्युलिस रोमन रूप, हेराक्लीस ग्रीक. त्याचा अर्थ 'हेराची कीर्ती', आणि हेरानेच, झ्यूसच्या बायकोने, त्याला जन्मभर छळलं. मूळ नाव ठेवलं की हा विरोधाभास मुलांना सांगता येतो.

झ्यूसबद्दल मुलांना एवढं जरूर सांगा: ऋग्वेदातला द्यौष्पिता, ग्रीकांचा झ्यूस पाटेर आणि रोमनांचा ज्युपिटर ही एकाच मुळाची नावं आहेत. आकाश-बाप. वर्गात फळ्यावर तिन्ही एकाखाली एक लिहिली की मुलं आपणहून उच्चारून बघतात.

आणि 'पंडोराची पेटी' हा वाक्प्रचार आपण वर्तमानपत्रात रोज वाचतो, पण ती कथा सांगणाऱ्या हेसिअड या प्राचीन कवीच्या ग्रीकमध्ये पेटी नाहीच. शब्द आहे पिथॉस, म्हणजे धान्य, तेल, वारुणी साठवायचं मातीचं मोठं भांडं. सोळाव्या शतकात इरॅस्मसने लॅटिनमध्ये लिहिताना त्याची पेटी केली आणि तीच युरोपभर पसरली. मराठीत आपल्याला ती चूक करायचं कारण नाही. आपल्याकडे नेमका शब्द आहे. रांजण.

कोकणवारा

पंडोराचा रांजण! जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला आजोळचा रांजण डोळ्यांपुढे आला. झाकण काढून आत डोकावलं की गार अंधार आणि आपलाच आवाज घुमून परत.

शेवग्याची_शेंग

आणि काठाखाली अडकलेली आशा! पेटीत ती तळाशी चिमुकल्या परीसारखी बसलेली दाखवतात. रांजणाच्या गळ्याशी, आतल्या बाजूला चिकटून राहिलेली, हे किती नीट दिसतं. पण मला कधी कळलं नाही, ती आपल्यासाठी राखून ठेवली की आपल्यापासून कोंडून ठेवली?

जुनीवही

हेसिअड ते सांगत नाही. मुलांना वाद घालू द्यावा. माझ्या वर्गात दोन तट पडायचे आणि तास संपल्यावरही भांडण चालायचं.

धुकंवाट

इंग्लंडमधून लिहितेय. इथे प्राथमिक शाळेत प्राचीन ग्रीस अभ्यासक्रमातच आहे, त्यामुळे या कथा मुलं शाळेतून घेऊन येतात. मुलीने पर्सेफोनीची गोष्ट व्हिडिओ कॉलवर साताऱ्याला माझ्या आजीला सांगितली. तिच्या मराठीत: "आईने ओरडून ओरडून शोधलं, मग ती थोडे महिने खाली, थोडे महिने वर."

आजी नव्वदीच्या पुढे आहे. ती म्हणाली, "म्हणजे माहेरपणाला येते म्हण की." मग तिने जात्यावरच्या दोन ओव्या म्हटल्या, लेक सासरी निघाली की आईचं काळीज कसं होतं त्यावरच्या. आणि म्हणाली, "आमची गौर तर तीनच दिवस येते, हिला निदान महिने तरी मिळाले."

मला ते फार भिडलं. पर्सेफोनीसाठी आपल्या भाषेत आधीच जागा आहे, ती म्हणजे माहेरवाशीण.

उंबरठा

धुकंवाट, आजींना नमस्कार. पण मला इथे भीती वाटते. माहेर-सासर म्हटलं की ते रीतीचं होतं. पाटीपेन्सिल ज्या खोट्यातून बाहेर आल्या तिथेच आपण मागच्या दाराने परत जातो. स्तोत्रात पर्सेफोनी आईला स्पष्ट सांगते की डाळिंबाचा दाणा त्याने मला बळेच खायला लावला. हे माहेरपण नव्हे.

धुकंवाट

उंबरठा, मीही आधी असाच विचार केला. पण आजीचं लग्न तेराव्या वर्षी झालं. तिला कुणी विचारलं नव्हतं, तिच्या आईलाही नाही. वडिलांनी ठरवलं, बैलगाडी आली, ती गेली. तिच्या तोंडी माहेर हा शब्द रीतीचा नाही, त्यात सगळं आहे. तिने गोष्ट सौम्य केली नाही. ती ऐकताक्षणी तिला ओळखू आली.

उंबरठा

हे वाचून थांबले. बरोबर आहे तुमचं. आजीच्या तोंडून मुलीने जे ऐकलं ते कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही. फक्त मी स्वतः सांगताना तो शब्द वापरणार नाही, माझ्या तोंडी तो हलका होईल.

पाटीपेन्सिल

तुम्हा दोघींच्या या बोलण्यासाठी धागा काढल्याचं सार्थक झालं. स्तोत्रात बापाने परस्पर मुलगी दिली, आईला पत्ता नाही, ही तक्रार अगदी उघड आहे. डिमीटरचा राग हेडीसइतकाच झ्यूसवर आहे. ती ऑलिम्पसवर पाऊल ठेवत नाही, एक दाणा उगवू देत नाही. देवांनाही नैवेद्य मिळेनासा होतो तेव्हा कुठे झ्यूस हलतो.

जाता जाता, डाळिंब: स्तोत्रात एकच दाणा आणि वर्षाचा तिसरा हिस्सा पाताळात. ओविडमध्ये सात दाणे आणि निम्मं वर्ष. मी डाळिंब सोलून प्रत्येकाच्या हातावर एक दाणा ठेवला आणि गोष्ट संपेपर्यंत खायचा नाही असं सांगितलं. दोघांनी तरी खाल्लाच. "आता आम्ही चार महिने पाताळात!"

निळीशाई

माझी मुलगी तेरा वर्षांची. तिने फोनवर मेड्युसाबद्दल वाचलं आणि मला विचारलं, "तिच्यावर बळजबरी झाली आणि शिक्षा तिलाच, हे खरं का?" मी गडबडले. लहानपणी मी वाचलं होतं त्यात ती नुसती सापांच्या केसांची राक्षसीण होती. खरं काय?

पाटीपेन्सिल

निळीशाई, दोन्ही आहे. हेसिअडमध्ये मेड्युसा तीन गॉर्गन बहिणींपैकी एक, तिघींतली एकटीच मर्त्य. समुद्राचा देव पोसायडन तिच्याजवळ येतो तो वसंतातल्या फुलांच्या कुरणात, बळजबरीचा उल्लेख नाही. त्यानंतर सातशे वर्षांनी ओविड सांगतो की ती सुंदर मुलगी होती, मंदिरात तिच्यावर अत्याचार झाला आणि देवीने केस तिचेच बदलले. तुमच्या मुलीने ओविडची वाचली. तिला दोन्ही सांगा. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना मी हेसिअडची सांगते, ती तितकीच जुनी आणि खरी परंपरा आहे, त्यामुळे खोटं बोलल्याची बोच राहत नाही. आणि तिचा राग बरोबर आहे हेही सांगा, हे आधी सांगा.

निळीशाई

सांगितलं. रात्री उशिरापर्यंत बोलत बसलो. खूप आभार.

गावठाण

सगळं वाचत होतो. धुकंवाट यांच्या आजीची गोष्ट दोनदा वाचली. माझा मुद्दा सोडत नाही, आपलं आधी. पण एक भर घालतो.

मी कार्ल्याजवळ राहतो. एकवीरा आईच्या देवळाशेजारच्या चैत्यगृहात खांबांवर दानाचे लेख आहेत, त्यातले कितीतरी 'यवन' म्हणवणाऱ्यांचे, धेनुकाकट नावाच्या गावचे. यवन म्हणजे प्रत्येक वेळी ग्रीकच असं छातीठोक म्हणता येत नाही, पण शब्द ग्रीकांच्या आयोनिया प्रांतावरूनच आला. नाशिकच्या पांडवलेण्यातही एका यवनाचं दान आहे, बापाचं नाव धम्मदेव, मुलाचं इंद्राग्निदत्त. ही माणसं इथे राहिली, इथली नावं घेतली. रात्री आपल्या पोरांना गोष्टी सांगत असतीलच, कुठल्या ते कोण जाणे. पुतण्याला या रविवारी घेऊन जाणार आहे. आधी एकवीरेचं दर्शन, मग खांब.

रंकाळा_काठ

गावठाण, मग कोल्हापूरलाही आणा त्याला. टाउन हॉल म्युझियममध्ये पोसायडनची लहानशी ब्राँझची मूर्ती आहे, पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेली. समुद्राचा देव इथे, समुद्रापासून इतक्या लांब. शाळेच्या सहलीत पाहिली होती, तेव्हा कुणी सांगितलं असतं तर!

पाटीपेन्सिल

सूर्याच्या प्रश्नाचं सांगायचं राहिलं होतं.

स्तोत्रात पहिल्या नऊ दिवसांत डिमीटरला खरं सांगायला कुणी तयार नसतं, ना देव, ना माणूस, ना पक्षी. दहाव्या दिवशी हेकटी नावाची देवी मशाल घेऊन स्वतःहून येते. म्हणते, मी आवाज ऐकला, पण कोण होतं ते पाहिलं नाही. मग दोघी सूर्याकडे जातात, त्याच्या घोड्यांसमोर उभ्या राहतात. विचारल्यावर तो सांगतो, आणि वर आईलाच समजावतो: रडणं पुरे कर, हेडीस काही वाईट जावई नाही, झ्यूसचा सख्खा भाऊ आहे, केवढं राज्य आहे त्याचं.

हे जसंच्या तसं मुलांना वाचून दाखवलं. एक मुलगा म्हणाला, "सूर्य झ्यूसला घाबरत असेल." दुसरा म्हणाला, "त्याला वाटलंच नसेल की यात काही चूक आहे." ती मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "हेकटीने तर बघितलं पण नव्हतं. नुसतं ऐकलं होतं. तरी ती आली."

पुढच्या शनिवारी गोष्ट तीच सांगणार आहे, हेकटीच्या बाजूने. त्या मुलीने मशाल आणायची परवानगी मागितलीय. विजेरीवर तडजोड झाली.

उंबरठा

अंगावर काटा आला.

खडीसाखर

पाटीपेन्सिल, त्यानंतर कुठली घेताय?

पाटीपेन्सिल

फिलेमॉन आणि बॉसिस. इतकं जड झाल्यावर ती हवीच. म्हातारा-म्हातारी, गवताचं छप्पर. दोन वाटसरू येतात, हजार घरांनी दार लावलेलं असतं. म्हातारीच्या मेजाचा एक पाय आखूड, त्याखाली ती खापरीचा तुकडा सरकवते आणि मग वरून पुदिन्याची पानं चोळून मेज पुसते. भांड्यातली वारुणी ओतली तरी संपत नाही, तेव्हा त्यांना कळतं की पाहुणे देव आहेत. मग घाबरून ती घरची राखण करणारा एकुलता एक हंस कापायला धावतात. म्हातारी माणसं दमतात, हंस काही सापडत नाही आणि शेवटी देवांच्याच पायाशी जाऊन बसतो.

एकच शंका. हंस म्हटलं की मुलांना नळ-दमयंतीचा, मोती खाणारा वाटतो. बदक म्हणावं तर राखण कुठून करणार? घरी पाळलेल्या त्या पक्ष्याला काय म्हणता तुम्ही?

कोकणवारा

आमच्या वाडीत दोन आहेत, आम्ही राजहंसच म्हणतो. अनोळखी माणूस फाटकाशी आला की मान जमिनीसरशी लांब करून, फुत्कारत अंगावर येतात. कुत्र्यापेक्षा पोस्टमन त्यांनाच जास्त घाबरतो. आवाज ध्वनिमुद्रित करून पाठवते, शनिवारी मुलांना ऐकवा.